खारीच्या बांधावर मी वाकलो नाही

रत्नागिरीहून परत आलो तेव्हा बायकोने पिशवी उलटी करून पाहिली. “आमसुलं नाहीत, फणसपोळी नाही. चार दिवस तिकडे केलंत तरी काय?” मी म्हटलं, “व्याख्यान दिलं.” ते अर्धंच उत्तर होतं. उरलेलं अर्धं तिला सांगायला मला आठ दिवस लागले, आणि कागदावर उतरवायला त्याहून बरेच जास्त. ज्यांनी तो मुलूख पाहिला नाही त्यांनी जरूर जावं. खाड्या पाहाव्यात, तांबड्या दगडाचे सडे पाहावेत, मासे खावेत. मी ज्या गावी उतरलो होतो त्याचं नाव मात्र विचारू नका. लाज माझी आहे, तिच्यात गावाला कशाला ओढायचं?

आधी मी कोण ते सांगतो. मी पुण्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे हे दिवस, आणि अशा दिवसांत आम्ही चारपाच मित्र सरकारने बाजारातून चालतं व्हावं असं म्हणतो. लोक हसतात. हसोत बापडे. माझा खास विषय म्हणजे पर्यावरण. नद्या घाण का झाल्या, डोंगर बोडके का झाले? तर त्यांना मालक नाही म्हणून. प्रत्येक झाडाला, डबक्याला, किनाऱ्याला मालक नेमा. तो आपला खिसा सांभाळतो तसं ते सांभाळेल. हे मी एका मासिकात दर दोनतीन महिन्यांनी फिरवून फिरवून लिहीत असे. प्रत्येक लेखानंतर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेच्या गुरुजींचं पोस्टकार्ड ठरलेलं. बारीक अक्षर, एक मुद्दा, एक शंका. शेवटी नेहमी तेच: ‘आमची खार एकदा येऊन पाहा. मग बोलू.’

सन शहाऐंशीच्या आश्विनात रत्नागिरीच्या एका वाचनालयाने व्याख्यानाला बोलावलं. विषय मीच दिला, ‘पर्यावरणाचा प्रश्न आणि मालकीचा हक्क’. म्हटलं, चला, एक दिवस आधी जाऊन गुरुजींची खारही बघून टाकू.

पहिला दिवस: गुरुजींच्या घरी

कुंभार्ली घाटाबद्दल मी काही लिहीत नाही. मला तिसऱ्या वळणावर उलटी झाली, एवढं पुरे. तिठ्यावर एसटीतून उतरलो तर छत्री काखेत मारून गुरुजी उभे. काळे, सडपातळ, डोक्यावर टोपी, पुढच्या वर्षी निवृत्त होणार. पाच वर्षं ज्यांच्याशी भांडलो त्यांना पहिल्यांदा पाहत होतो. “फोटोत जाड दिसता,” ते म्हणाले, आणि माझी बॅग उचलून चालायलाच लागले. मी “अहो, अहो” करत मागे.

गाव खाडीकाठी आहे. वर जांभ्याचा डोंगर, मध्ये नारळीपोफळी आणि घरं, खाली भाताची खाचरं आणि त्यांच्यापलीकडे खाडी. खाडी आणि भात यांच्यामध्ये काय आहे? तर मातीदगडाचा एक बांध, पुरुषभर उंच, अर्धापाऊण मैल लांब. भरतीला खाडीचं पाणी त्या बांधाला टेकतं तेव्हा शेतं पाण्याच्या पातळीच्या खाली असतात. कोणे एके काळी या लोकांच्या पूर्वजांनी खाडीकडून ही जमीन हिसकून घेतली, तीच खार. त्या आठवड्यात भात पिवळं पडायला लागलं होतं. अजून पंधरावीस दिवसांत कापणी.

आमच्या पुण्यात पाहुण्याला ‘चहा घेणार का?’ असं विचारतात आणि तो ‘नको’ म्हणेल अशी मनातून आशा ठेवतात. गुरुजींच्या घरी विचारायची पद्धतच नाही. पडवीत टेकलो तोच वहिनींनी चहा ठेवला, चहा संपतोय तोच पान वाढलं. बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी, वर सोलकढी. मी मूळचा शाकाहारी घरातला. बांगडा कसा सोडवायचा ते ठाऊक नव्हतं. वहिनी दारामागून म्हणाल्या, “काटा वायच जपून हां. घशात गेला तर उद्या भाषान कोन करील?” आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

जेवण झाल्यावर आम्ही दोघे पडवीत भांडायला बसलो. मी विचारलं, “बांध कोणाच्या नावावर आहे?”

“कोणाच्याच नाही.”

“मग सांभाळतं कोण?”

“सगळे. पावसाच्या आधी घरटी एक माणूस आठ दिवस माती ओढतो. आणि बारा महिने कुरल्यांची भोकं बुजवायची. कुरली, म्हणजे तुमचा खेकडा, बांध पोखरते. लहानसं भोक, पण भरतीचं पाणी त्यातून घुसलं की माती नेतं. म्हणून आमच्यात एकच नियम. ज्याला भोक दिसलं, त्याने तिथल्या तिथे वाकायचं आणि चिखल भरून टाचेने दाबायचं. शेत कोणाचंही असो.”

“आणि दिसून नाही वाकला तर?”

गुरुजींनी सुपारी कातरायचं थांबवलं. “तर, आणि त्याने खांड, म्हणजे बांधाला खिंडार, पडली तर, ज्याचं शेत खारं झालं त्याला त्या माणसाने आपला गोडा तुकडा कसायला द्यायचा. शेतातलं मीठ उतरेपर्यंत. दोन पावसाळे, तीन पावसाळे, लागतील तेवढे.” गोडा तुकडा म्हणजे खारीबाहेरचं, वरच्या ओहोळाच्या पाण्यावरचं शेत. गुरुजींचा एकच होता. घरचा वर्षाचा तांदूळ त्याच्यावर चाले.

“पण त्याला दिसलं होतं हे कळणार कसं?”

“तोच सांगतो.”

मी एवढ्याने हसलो की वहिनी आतून डोकावल्या. “तोच सांगतो? स्वतःचं शेत घालवायला? अहो गुरुजी, माणसं बघितलीत का कधी?”

“आजवर सांगत आलेत,” ते म्हणाले, आणि पुन्हा सुपारी कातरायला लागले.

मला फार मजा वाटली. पाच वर्षं पोस्टकार्डं लिहिणारा हा माणूस शेवटी भोळसटच निघाला, असं वाटून मी झोपलो, आणि झोप उत्तम लागली.

दुसरा दिवस, सकाळ: बांध

गुरुजी शाळेत गेले. दुपारच्या गाडीने आम्ही रत्नागिरीला निघणार होतो. मी एकटाच छत्री घेऊन बांधावर फिरायला गेलो. भरती चढत होती. एकीकडे खाडीचं गढूळ पाणी, दुसरीकडे पिवळं भात, मध्ये वीतभर पायवाट. वारा असा की टोपी असती तर गेली असती. मन अगदी प्रसन्न होतं.

अर्ध्या वाटेवर, बांधाच्या शेताकडच्या अंगाला, पाणी वाहताना दिसलं. वाकून नव्हे, उभ्यानेच पाहिलं. रुपयाच्या नाण्याएवढं भोक. त्यातून पाण्याची धार वळवळत शेतात उतरत होती, आणि धारेबरोबर तांबूस माती.

आता खरं ते लिहितो. पहिला विचार माझ्या मनात आला तो ‘अरे बापरे’ असा नव्हता. ‘सापडलं!’ असा होता.

मी वही काढली. घड्याळ पाहिलं. वेळ लिहिली. ठरवलं की इथे उभं राहून बघायचं, किती जण जातात आणि किती वाकतात. याला आम्ही शिकलेली माणसं निरीक्षण म्हणतो. थोड्या वेळाने खालच्या वाटेने दोन बाया गवताचे भारे घेऊन आल्या. त्यातली एक थांबली. तिशीची असेल, नाकात मोठी मोरणी. “पाव्हनं, काय बघताव एवढा?”

“काही नाही,” मी म्हटलं. “निसर्ग.”

दोघी हसल्या आणि गेल्या. नंतर एक म्हातारा दुरून बांधावर चढला आणि मध्येच खाली उतरून गेला. मी वहीत लिहिलं: ‘पंचवीस मिनिटं, तीन माणसं, एकही वाकला नाही.’ खाली दोन रेघा मारल्या.

भोक माझ्या पायांमागे होतं. मी छत्री उघडून त्याच्यासमोर उभा होतो. त्या बायकांना दिसणार तरी काय होतं, माझं धोतर? हे माझ्या डोक्यात तेव्हा आलंच नाही. मी शास्त्र करत होतो ना!

बारा वाजत आले तसा मी परतलो. वाटेत मनात आलं की कोणाला तरी सांगावं. लगेच दुसरं मन म्हणालं, सांगितलंस तर उदाहरण बाद होईल. घरी वहिनींनी सुरमईचे तुकडे तळले होते. मी तीन खाल्ले आणि भोक विसरलो. पूर्ण विसरलो असं म्हणायला मला फार आवडलं असतं. पण गुरुजी शाळेतून आले आणि त्यांनी विचारलं, “बांध बघितलात?” तेव्हा मी म्हटलं, “बघितला. संध्याकाळी त्याच्यावर बोलणार आहे. तुम्हाला गंमत वाटेल.”

रत्नागिरी, संध्याकाळ

सभागृह भरलेलं. वकील, कारकून, कलमांचे बागाईतदार, कॉलेजची मुलं. मी रंगात आलो होतो. जंगलखात्याचं उदाहरण झालं, नदीचं झालं, आणि मग मी आवाज खाली आणून म्हटलं, “दूर कशाला जाता? आज सकाळीच, तुमच्याच जिल्ह्यात, मी एका खारीच्या बांधावर उभा होतो.” आणि सांगितलं सगळं. भोक, धार, वही, पंचवीस मिनिटं, तीन माणसं. “मित्रहो, नियम सुंदर आहे. ज्याला दिसेल त्याने बुजवावं! पण ज्याचं शेत नाही तो वाकेल कशाला? हाच बांध तुकड्यातुकड्याने एकेकाच्या नावावर करून द्या, मग बघा कोण वाकत नाही ते.”

टाळ्या पडल्या. टाळ्या चालू असतानाच तिसऱ्या रांगेतले गुरुजी उठले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. छत्री घेतली, माणसांचे गुडघे ओलांडत बाहेर पडले आणि दारात पोचल्यावर चक्क पळाले.

मला वाटलं, लागलं वर्मी. आणि मी काय केलं असेन? मी व्यासपीठावरून म्हटलं, “खरं बोललं की काही श्रोते उठून जातात, चालायचंच.” सभागृह हसलं. तो हशा मला अजून ऐकू येतो. अंघोळ करताना ऐकू येतो, वर्गात शिकवताना ऐकू येतो.

मुक्काम एका वकिलांकडे होता. ते म्हणाले, “तुमचे गुरुजी न सांगता गेले की हो.” मी म्हटलं, “रागावले असतील. उद्या काढतो समजूत.” दुसऱ्या दिवशी कोजागिरी होती आणि ती गुरुजींच्या अंगणात साजरी करायचं आधीच ठरलेलं होतं.

तिसरा दिवस: मिरकरवाडा, आणि परत

सकाळी वकिलांनी मला मिरकरवाड्याच्या बंदरावर नेलं. ट्रॉलर लागलेले, बर्फाचे चुरे उडताहेत, लिलावाचा गलका. एका कोळणीच्या टोपलीत बोटभर लांबीचे पापलेट पाहिले. “एवढे लहान का धरता?” मी विचारलं. ती म्हणाली, “आमी न्हाय धरले तर बाजूचा धरतोच हाय.” वकिलांनी मला कोपर मारलं. “सर, तुमचाच सिद्धान्त.” मी खूश. तिथला तो सिद्धान्त मला आजही खोटा वाटत नाही. पण त्या सकाळी मी ज्या ऐटीत मान हलवली, ती आठवली की अंगावर काटा येतो. गुरुजींचा राग घालवायला म्हणून मोठे पापलेट घेतले, केळीच्या पानात बांधले आणि एसटीत बसलो.

तिठ्याच्या अलीकडेच कंडक्टर ड्रायव्हरला म्हणाला, “खार फुटली म्हणं रात्री.” मी विचारलं, “कुठली?” त्याने गावाचं नाव सांगितलं.

तिठ्यावरून गाव दीड मैल. धोतर वर खोचून, हातात माशांचं पुडकं घेऊन मी कसा गेलो ते मला आठवत नाही. वरच्या वळणावरून खार दिसली. बांधाच्या मध्यावर दारवंट्याएवढी खांड होती, आणि तिच्यापुढच्या सगळ्या खाचरांत खाडीचं पाणी पसरलेलं. पाण्याच्या वर भाताच्या फक्त लोंब्या. पिकलेलं, कापणीला आलेलं भात मिठाच्या पाण्यात उभं होतं.

सगळं गाव बांधावर होतं. माड तोडून आडवे टाकले होते, पेंढ्याच्या गुंड्या, कोणाच्या तरी गोठ्याचं दार, आणि चिखलाच्या पाट्यांची माणसामाणसांतून रांग. दुपारची भरती चढत होती. ती यायच्या आत खांड मिटली नाही तर उरलेली खारही जाणार, हे मला कोणी सांगावं लागलं नाही. गुरुजी खांडीत छातीभर पाण्यात उभे राहून चिखल दाबत होते. टोपी नव्हती. मला पाहून म्हणाले, “आलात? चपला काढा आणि रांगेत राहा.” बस्स. आवाजात ना राग, ना काही.

मी रांगेत शिरलो. मासे बांधावर ठेवले ते कावळ्यांनी नेले. दोनदा घसरून पडलो, चष्मा चिखलात गेला तो कोणीतरी काढून दिला. माझ्या शेजारी वहिनी होत्या. पाटी देतघेत त्यांनी सांगितलं ते असं. आदल्या संध्याकाळी गुरुजींनी शेवटची गाडी कशीबशी गाठली. ती तिठ्यापर्यंतच येते. तिथून ते अंधारात धावत आले. पण पुनवेची भरती, उधाणाचं पाणी, त्यांच्या आधी पोचलं होतं. बांध त्यांच्या डोळ्यांदेखत सुटला. “ह्येंना कसा काय उमगला कोन जाणे,” वहिनी म्हणाल्या. “म्हनले, मन खायला लागला.”

म्हणजे त्यांनी सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

पाटी माझ्या हातात तशीच राहिली. “घ्या ओ, पुढं द्या,” मागून कोणीतरी ओरडलं. मी पुढे दिली.

दीड वाजता खांड मिटली. भरती टेकली, बांध धरला, आणि लोक होते तिथेच चिखलात बसले. सगळ्यात जास्त पाणी जिच्या शेतात होतं ती एकटी उभी होती. नाकात मोठी मोरणी. तीच गवताचा भारा घेऊन थांबलेली. नाव अनसूया. नवरा मुंबईत, दोन मुलं, आणि शेत एवढं एकच, आता दोनतीन वर्षं तरी मिठाचं. ती रडत नव्हती. लोंबी हातात धरून दाणे चोळून बघत होती.

देवळात

तीनच्या सुमाराला गावकी गावदेवीच्या देवळात बसली. पायांवरचा चिखल वाळून पांढरा झालेला. मधोमध गावकर, म्हणजे गावचा मानकरी, सत्तरीचा म्हातारा. त्याने ठरलेला प्रश्न ठरलेल्या आवाजात विचारला. “बांध आपसूक फुटला, का कोनाला दिसला व्हता?”

 मी खांबाला टेकून बसलो होतो. 

गुरुजी उभे राहिले. “मला दिसलं होतं,” ते म्हणाले. “काल सकाळी. राहून गेलं. आठवलं तेव्हा रत्नागिरीत होतो.”

देवळात हलकीशी कुजबुज झाली. वहिनींनी चटकन वर पाहिलं, मग मान खाली घातली. गोडा तुकडा. घरचा तांदूळ. पुढच्या वर्षी पगार बंद.

आता मी जे लिहिणार आहे ते माझ्या बायकोलाही आधी सांगितलं नव्हतं. त्या क्षणी मला बरं वाटलं. सुटलो, असं वाटलं. एवढंच नाही, माझ्या डोक्याने ताबडतोब युक्तिवादही तयार केला, की गुरुजी सज्ञान आहेत, स्वखुशीने देताहेत, आपली वस्तू कोणाला द्यायची हा मालकाचा हक्क आहे. एवढं शिकून माझं डोकं याच कामाला आलं! सहासात श्वास मी तसाच बसून राहिलो. गावकराने “बरा” म्हटलं, आणि अनसूयाला पुढे बोलावलं, तेव्हा कुठे माझे पाय हलले.

मी उभा राहिलो. म्हटलं, “गुरुजींनी पाहिलं नाही. मी पाहिलं.” आणि सगळं सांगितलं. वही सांगितली, छत्री सांगितली, व्याख्यानात टाळ्या घेतल्या तेही सांगितलं.  मध्येमध्ये मी ‘निरीक्षण’, ‘उदाहरण’ असले शब्द वापरत होतो आणि समोरच्यांना ते कळत नव्हते. मलाही ते तोंडात घाणेरडे लागत होते.

कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. अनसूया माझ्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, “तुमी बघितलात, मग वाकलात का न्हाय?”

टोमणा नव्हता तो. तिला खरोखरच कळलं नव्हतं. पाठीत दुखत होतं का, विंचू होता का, असं काहीतरी ती ऐकायला तयार होती. पंचवीस वर्षं मी मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देतो आहे. तिच्या त्या प्रश्नाला मी हात जोडले. तिने ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

“मी भरून देतो,” मी गावकराला म्हटलं. “इथलाच एखादा गोडा तुकडा मी विकत घेतो आणि यांना देतो. काय किंमत असेल ती.”

गावकराने मान हलवली. “हितला तुकडा भायेरच्याला कोन देत न्हाय. भायेरचा मानूस चिखल वडायला येनार कवा?” मग मला समजवावं म्हणून त्याने आवाज मऊ केला. “पाव्हनं, तुमी मनाला लावून घेऊ नका. तुमी कोनाच्या घरात जेवलात? गुरुजींच्या. मग तुमी बघितला म्हंजे गुरुजींनीच बघितला. त्ये खोटा न्हाय बोललं. अनसूये, उद्यापासून गुरुजींचा तुकडा तुझा. हुबा पीक पन तुझाच.”

मी गुरुजींकडे पाहिलं. ते मान डोलवत होते, अगदी शाळेत बरोबर उत्तर आल्यावर गुरुजी डोलवतात तशी. कोणी हरकत घेतली नाही. वहिनींनीही नाही. लोक उठले, देवीला हात जोडले आणि पाय धुवायला विहिरीकडे गेले.

देवळाच्या पायरीवर मी गुरुजींना गाठलं. “मला निदान बोलायचं तरी होतंत,” मी म्हटलं. “चारचौघांत नाही तर एकट्यात. दोन थोबाडीत मारायच्या होत्यात.”

“काल पोस्टकार्ड लिहायला वेळ नव्हता,” ते म्हणाले.

सकाळच्या गाडीपर्यंत थांबू नये असं मला फार वाटत होतं. पण संध्याकाळची गाडी निघून गेली होती. दिवेलागणीला वहिनींनी पाट मांडले. कोजागिरीचं दूध कोणी काढलं नाही. भात, कुळथाचं पिठलं, तव्यावर परतलेली सुकी सुंगटं, म्हणजे कोलंबी. भात त्याच गोड्या तुकड्यावरचा, गेल्या वर्षीचा, कणगीच्या तळातला. वहिनींनी नेहमीसारखा न विचारता ढीगभर वाढला. मी पुण्यातल्यासारखा पानावर आडवा हात धरला आणि म्हटलं, “नको वहिनी. माझ्याने घास जाणार नाही. आज मला उपाशीच राहू दे.”

वहिनी पळी धरून थांबल्या आणि गुरुजींकडे बघायला लागल्या.

“जेवा,” गुरुजी म्हणाले. “तुम्ही उपाशी झोपलात तर तेही माझ्याच नावावर जाईल.”

मी हात काढला.